मेल क्लाउडवर न्यावा का?

कार्यालयातला संगणक : भाग ६

मागच्या भागात आपण कार्यालयातला मेल सर्व्हर आतून पाहिला. तो जुना झाला की मालकापुढे दोन कोटेशन येतात, एक नव्या सर्व्हरचं आणि दुसरं क्लाउडच्या वार्षिक शुल्काचं. सध्या हा प्रसंग अनेकांवर आला आहे, कारण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंज सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नियमित आधार थांबवला. दोन आकडे शेजारी ठेवून कमी असेल तो निवडायचा, अशी आपली रीत. पण मेल म्हणजे ऑर्डरी, करार, थकबाकीची पत्रं, म्हणजेच धंद्याची स्मरणशक्ती. तिच्या बाबतीत आधी एवढं ठरवावं, की मेल सांभाळण्यातलं कुठलं काम आपल्याला झेपतं आणि कुठलं झेपत नाही.

न झेपणारं काम २०२१ साली जगाने पाहिलं. २ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधल्या चार गंभीर त्रुटींवर तातडीची दुरुस्ती दिली. हल्लेखोर त्याआधीच कामाला लागले होते, आणि त्रुटी जाहीर होताच इतर टोळ्याही उतरल्या. जगभरातले हजारो सर्व्हर फोडले गेले. त्यांत छोटी कार्यालयं मोठ्या संख्येने होती, कारण तिथे दुरुस्ती त्याच दिवशी बसवणारं कुणी नव्हतं. ज्यांनी उशिरा बसवली त्यांचंही भागलं नाही. आधीच आत शिरलेल्याने ठेवलेला चोरदरवाजा दुरुस्तीनंतरही उघडाच राहत होता. शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेत एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन खासगी सर्व्हरवरचे असे दरवाजे स्वतः काढून टाकले. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या मेलला या त्रुटींची झळ लागली नाही.

दुसरं न झेपणारं काम म्हणजे आपला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोचवणं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. तुमच्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएम या ओळख पटवणाऱ्या नोंदी हव्यात, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या दोन्हींबरोबर डीमार्कही हवं. शिवाय सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पत चांगली लागते. कार्यालयातल्या एका संगणकात व्हायरस शिरला, त्याने रातोरात स्पॅम पाठवला, की ती पत जाते आणि मग तुमची कोटेशनं ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून राहतात. पत पुन्हा मिळवायला दिवस जातात. क्लाउडवर आयपीची पत सेवादार सांभाळतो. डोमेनवरच्या नोंदी मात्र तिथेही आपणच घालायच्या असतात.

म्हणून ज्या कार्यालयात पूर्णवेळ संगणक सांभाळणारा माणूस नाही, बॅकअप कधी तपासला ते कुणाला आठवत नाही आणि सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत एका यूपीएसवर चालतो, त्याने मेल क्लाउडवर न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जी कार्यालयं कर्मचाऱ्यांच्या खासगी जीमेल खात्यांवर व्यवहार करतात, त्यांनी तर आधी स्वतःचं डोमेन घ्यावं. तिथे माणूस नोकरी सोडून गेला की ग्राहकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो.

मात्र क्लाउडवर गेल्याने सगळी जबाबदारी उतरते, हा समज घातक आहे. २०२३ साली हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची एक सही-किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर वीसहून अधिक संस्थांच्या क्लाउडवरच्या मेलमध्ये प्रवेश केला. अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांचं खातंही त्यांत होतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या, कारण कुठला मेल कुणी उघडला याच्या नोंदी ते तपासत होते. या नोंदी तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत. या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने त्या साध्या ग्राहकांनाही खुल्या केल्या. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. मोठ्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२३ पासूनचे निर्देश लागू आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच. हे तत्त्व बँक नसलेल्यांनीही पाळावं. कोटेशन घेताना नोंदी कोणत्या आणि किती दिवस मिळतील, हे लेखी मागावं.

बॅकअपचंही तसंच. क्लाउडवर मेल कायम सुरक्षित राहतो असं धरून चालू नये. गुगल वर्कस्पेसमध्ये ट्रॅशमधूनही गेलेला मेल ॲडमिनला पुढचे २५ दिवसच परत आणता येतो. मायक्रोसॉफ्टकडे ही मुदत मुळात १४ दिवसांची आहे आणि वाढवली तर ३० दिवसांची. नोकरी सोडताना कुणी वर्षभराचा पत्रव्यवहार पुसून गेला आणि ते ऑडिटच्या वेळी चार महिन्यांनी कळलं, तर तोवर हाती काही उरत नाही. मेल जपून ठेवण्याची वेगळी सोय वरच्या परवान्यांत असते. ती घ्यावी, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवावा.

सगळ्यांत कमी विचार होतो तो बाहेर पडण्याच्या वाटेचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. गुजरातमध्ये वाडीनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टची मोठी भागीदारी आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली आणि पैसे भरलेले असूनही मेल बंद पडला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. आपल्यावर निर्बंध येणार नाहीत, पण पुरवठादाराशी वाद, नूतनीकरणाचा चुकलेला हप्ता, एकमेव ॲडमिन पासवर्ड घेऊन निघून जाणं, हे कुठेही घडू शकतं.

याउलट केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहोच्या यंत्रणेवर नेला, तेव्हा पत्ते तेच राहिले, कारण डोमेन सरकारच्याच हातात होतं. डोमेन आपलं असेल तर मेलचा सेवादार बदलता येतो. म्हणून ते कंपनीच्या नावावर हवं, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. ॲडमिनची खाती दोन हवीत आणि दोन्हींना दुहेरी पडताळणी हवी.

फाइलींचा निर्णय वेगळा घ्यावा. टूलरूममधली मोठी ड्रॉइंगं रोज क्लाउडवरून उघडायची तर इंटरनेटची लाइन अपुरी पडते. मेल, कॅलेंडर आणि बैठका क्लाउडवर, तर ड्रॉइंगं कार्यालयातल्याच स्टोरेजवर, ही वाटणी अनेक कारखान्यांना सोयीची ठरेल. इंटरनेटच्या लाइनी मात्र दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात.

आता कोटेशनकडे वळावं. क्लाउडचा खर्च माणशी आणि दरमहा वाढतो, म्हणून आधी खाती मोजावीत. चौकशी किंवा हिशेब विभागाच्या सामायिक पत्त्याला स्वतंत्र परवाना लागेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टकडे ५० जीबीपर्यंतचा सामायिक मेलबॉक्स परवान्याशिवाय चालतो. सर्व्हरच्या बाजूलाही यंत्राच्या किमतीत बॅकअप, वीज, परवाने आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार धरावा. तो न धरता केलेली तुलना फसवी असते.

सही करण्याआधी पुरवठादाराला एक काम सांगावं. चाचणीच्या एका खात्यात जुना मेल भरायचा आणि तो सगळा, जोडलेल्या फाइलींसह, बाहेर काढून आपल्या संगणकावर उघडून दाखवायचा. ज्याला हे जमतं त्याच्याकडे मेल बिनधास्त द्यावा. जो टाळाटाळ करेल, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी बाजूला ठेवावं.

पुढच्या भागात : कामकाज न थांबवता जुना मेल नव्या जागी कसा न्यायचा.