फोन करून यावे

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे कोणाच्या घरी जाण्यापूर्वी कळविण्याची रीत नाही. दार बहुधा उघडेच असते. ओट्यापाशी उभे राहून "शेठ आहेत का?" अशी हाक द्यावी, आतून "या, या" असे उत्तर येते आणि पाठोपाठ पाण्याचा तांब्या येतो. काम असेल तर काम निघते, नसेल तर पाऊसपाण्याच्या, बाजारभावाच्या गोष्टी होतात. परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर मुंबईत 12 डिसेंबर 1930 रोजी प्राणार्पण करणाऱ्या हुतात्मा बाबू गेनू यांचे हे गाव. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचेच नाव आहे. त्याच गावच्या आणि घोडेगाव, मंचर, नारायणगाव या पंचक्रोशीतील अनेक घरांतून आज कोणी ना कोणी परदेशात आहे, आणि वर्षाआड आईवडील सहा महिन्यांसाठी तिकडे जातात.

असेच एक गृहस्थ. किराणा-भुसाराचे जुने दुकान, जोडीला बटाट्याच्या बियाण्याचा व्यवहार. वयाच्या 68व्या वर्षी त्यांनी गल्ल्याची किल्ली धाकट्या मुलाच्या हाती दिली आणि एप्रिल महिन्यात पत्नीसह ते थोरल्या मुलाकडे, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या शहरी गेले. गावी त्यांना सारे शेठ म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणू.

एडिसन म्हणजे काही अरण्य नव्हे. तेथील ओक ट्री रोडवर तूरडाळीपासून साडीपर्यंत सर्व मिळते. जैनांना अमेरिका नवी नाही. वीरचंद राघवजी गांधी 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले. 1965च्या कायद्याने दारे उघडल्यावर डॉक्टर-इंजिनिअरांची पिढी गेली. 1981 साली तेथील जैन संघांचा 'जैना' हा महासंघ उभा राहिला. आणि 1983 साली आचार्य सुशीलकुमारजींनी न्यू जर्सीतच सिद्धाचलम् तीर्थाची स्थापना केली. देव आणि डाळ या दोन्हींची सोय असल्यावर आणखी काय लागते, असे शेठना वाटले होते.

पहिल्याच आठवड्यात ते सकाळी फिरायला निघाले. चार घरे पलीकडे दारावर तोरण दिसले. आपलीच माणसे, म्हणून त्यांनी घंटा वाजविली. कोणी दार उघडले नाही, पण घंटेतल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "कोण? काय काम आहे?" काम काहीच नव्हते. गावाकडे काम नसणे हेच भेटीचे उत्तम कारण असते; येथे त्याचे उत्तर देता येईना. सायंकाळी सुनेने हलक्या आवाजात सांगितले, "पप्पा, इथे फोन करून जातात." शेठनी मान हलविली, परंतु ते रात्री पत्नीला म्हणाले, "फोन करून जायला तो काय डॉक्टर आहे?"

त्यानंतरचे धडे लहान होते, पण रोजचे होते. रस्त्यात भेटणारा गोरा शेजारी "हाऊ आर यू" म्हणे आणि शेठ थांबून गुडघ्याचा वृत्तान्त सुरू करीत. तोवर तो दहा पावले पुढे गेलेला असे. तो प्रश्न नसून नमस्कार आहे, हे कळायला महिना लागला. बागेत कोणाचे गुटगुटीत मूल दिसले म्हणून त्याचा गालगुच्चा घेऊ नये. मागून कोणी येत असेल तर दार धरून ठेवावे. शाळेची पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लागले की दोन्ही बाजूंची वाहने थांबतात, तेव्हा मुलाला "चल, चल, रिकामा तर आहे रस्ता" असे म्हणू नये. धोतर धुऊन पुढच्या कठड्यावर वाळत घालू नये, हाही एक नियम. ऊन फुकट जात असताना कपडे विजेवर वाळवायचे, हे मात्र त्या काटकसरी जिवाला शेवटपर्यंत पटले नाही. आणि त्यात त्यांची चूक होती असे म्हणवत नाही.

व्यापाऱ्याची खरी कसोटी दुकानात लागते. आपल्याकडे वेष्टनावर छापलेल्या किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिकडे फळीवर लिहिलेली किंमत वेगळी आणि द्यावयाची वेगळी. न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के, कपड्यांवर आणि बहुतेक वाणसामानावर तो नाही, इतर पुष्कळ वस्तूंवर आहे. शेठ रांगेत उभे राहून तोंडी हिशेब करीत आणि पावतीशी ताडून पाहत. तो जुळला की त्यांना दिवसभर बरे वाटे. भोजनगृहातील बक्षिसीने मात्र त्यांना चक्रावून टाकले. बिलावर 15 ते 20 टक्के वर ठेवायचे, आणि ते न ठेवणे असभ्यपणाचे! "जी रक्कम द्यावीच लागते ती बिलात का लिहीत नाहीत?" या त्यांच्या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नव्हते. वाढणाऱ्यांचे पोट बव्हंशी त्या बक्षिसीवर चालते, हे कळल्यावर ते गप्प झाले. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच रक्कम मोजून ठेवली.

वापरलेली वस्तू ग्राहक महिन्याने परत आणतो आणि दुकानदार हसून पैसे देतो, हे दृश्य पाहून तर त्यांनी धाकट्याला गावी फोन केला. "असे आपण केले तर दिवाळीपर्यंत दुकान टिकेल का?" तेव्हा गावी पहाटेचे साडेचार वाजले होते. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. इकडे सायंकाळी सात म्हणजे तिकडे पहाट, हे शेठना तोंडपाठ होते. पण बोलावेसे वाटले की पाठांतर आठवत नसे. धाकटा दचकून उठे, कोणाचे काही झाले की काय म्हणून घाबरे, आणि मग बियाण्याच्या भावावर बोलणे होई.

घरातले घर्षण याहून नाजूक. सकाळी सासूबाईंनी मोहरी-मिरचीची फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागे. सूनबाई कामाच्या बैठकीत असे. ती धावत येऊन टॉवेलने वारा घाली. दुधाचे आणि दह्याचे प्लॅस्टिकचे डबे सासूबाई धुऊन ठेवीत. तीन महिन्यांत ओट्याखालचे कपाट भरले. एका शनिवारी सुनेने ते सारे निळ्या पेटीत टाकले. कोणी काही बोलले नाही, मात्र त्या दिवशी जेवणही मुक्यानेच झाले. डब्यांचे मोल शून्य होते हे दोघींनाही ठाऊक होते. ज्या घरात एक डबा ठेवायचा की टाकायचा हे आपण ठरवू शकत नाही, त्या घरात आपण कोण, असा प्रश्न सासूबाईंना पडला होता. आणि आठ तास काम करून आपल्याच स्वयंपाकघरात आपल्याला चमचा सापडत नाही, हे सुनेचे दुःखही खोटे नव्हते.

धर्माचरणाची घडीही नव्याने बसवावी लागली. पुण्याच्या बाजूला सूर्यास्त वर्षभरात सहा ते सव्वासात यांच्या दरम्यान फिरतो. एडिसनला जूनमध्ये तो साडेआठला होतो आणि डिसेंबरात साडेचारला. लंडनकरांची अडचण त्याहून मोठी: जूनमध्ये 9 वाजून 20 मिनिटे, डिसेंबरात चारच्याही आत. तेथे हिवाळ्यात सूर्योदयच आठच्या सुमारास, त्यावर नवकारसीची 48 मिनिटे धरली तर चौविहार पाळणाऱ्याला दिवसाचे जेमतेम सात तास खाण्यास मिळतात. शेठ उन्हाळ्यात होते, म्हणून मुलगा-सून कामावरून परतून सगळे एका ताटावर बसू शकत. ही त्या सहा महिन्यांतली मोठी सोय होती. बँकेचा सांकेतिक आकडा भारतातल्या सिमवर येतो आणि त्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो, ही गैरसोय मात्र ऋतूनुसार बदलत नाही. परदेशी निघण्यापूर्वी प्रत्येक ज्येष्ठाने तेवढे एक पाहून ठेवावे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याचीही सोय आधीच लावावी.

घराजवळच्या बागेत एक बाक होता. तेथे सायंकाळी आठ-दहा ज्येष्ठ जमत: कोणी राजकोटचे, कोणी सांगलीचे, कोणी हैदराबादचे. बोलणे हिंदी-गुजराती-मराठीच्या मिश्रणात चाले. या बाकाचेही शिष्टाचार होते. मुलाचा पगार विचारू नये. घर केवढ्याला घेतले हे विचारू नये. सुनेविषयी सांगावे, पण नाव घेऊन सांगू नये, कारण ती सारी एकाच मंदिरात भेटतात. फोनवर मोठ्याने बोलू नये. ग्रीन कार्ड घ्यायचे की सहा महिन्यांनी परतायचे, या विषयावर मात्र सगळे मनसोक्त बोलत. तिथे आजारी पडलो तर काय, पाहुण्यांच्या विम्यात जुने दुखणे बहुधा धरत नाहीत, या भीतीने सगळेच एका नावेत होते. त्या बाकावर कच्छकडच्या एक आजी येत. सारे त्यांना बा म्हणत. शेठच्या पत्नीचे आणि त्यांचे विशेष जमले होते.

जुलैमध्ये मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठांचे सहभोजन झाले. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा होता. बांनी 40 माणसांना पुरेल अशी पावभाजी आणली. शेठ रांगेत पुढे होते. त्यांनी पळी फिरवून पाहिली आणि सवयीच्या, दुकानातल्या आवाजात म्हणाले, "यात बटाटा आहे. हे जैन नव्हे." आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाट्याचे उदंड पीक येते आणि शेठचे निम्मे आयुष्य बटाट्याच्या पोत्यांत गेलेले. घरात जो कधी शिजला नाही तो दुरून ओळखतो, अशी त्यांची ख्याती होती. मागच्या चौघांनी ताटे पुढे नेली. बा काही बोलल्या नाहीत. त्या भाजीत कच्ची केळी होती, हे पत्नीला बांच्या सुनेकडून कळले तेव्हा सभागृह रिकामे झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून बा बाकावर आल्या नाहीत. शेठना चूक कळली होती. पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय जायचे, आणि जायचे तर फोन करून जायचे, आणि फोनवर सांगायचे तरी काय, यात महिना गेला. गाव असते तर ते येता-जाता ओट्यापाशी थांबले असते, तंबाखूची चौकशी करावी तशी बांच्या तब्येतीची चौकशी केली असती, आणि विषय न काढताच मिटला असता. येथे न बोलाविता जाण्याचा मार्ग बंद, म्हणून न बोलता मिटविण्याचाही बंद.

पर्युषण आले. संवत्सरीच्या रात्री शेठनी मोबाईलवर कमळाचे चित्र आणि त्याखाली 'मिच्छामि दुक्कडम्' असे अक्षर असलेला संदेश यादीतल्या 180 जणांना पाठविला. त्यात बाही होत्या. पाठविणे अर्ध्या मिनिटात आटोपले.

"बांना गेले का?" पत्नीने विचारले.

"गेले. सर्वांना गेले."

"सर्वांना गेले ते त्यांना कसे पोचेल? पोत्यातून मापून द्यायची वस्तू आहे का ती?"

दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर त्यांनी सुनेला बोलाविले. "बांच्या घरी फोन करायचा आहे. कसा करतात ते सांग." सुनेने आधी संदेश पाठवून विचारले, अकराची वेळ मिळाली. काही महिन्यांपूर्वी ज्या नियमाला ते हसले होते त्या नियमाने, पावणेअकराला तयार होऊन ते घड्याळाकडे पाहत बसले.

बांनी स्वतः दार उघडले. शेठनी हात जोडले. "मला वाटत होते, मी बटाटा ओळखतो," एवढेच ते बोलू शकले.

बा थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीस माणसांची भाजी घरी आली. दिवस मावळेपर्यंत जेवढी संपली तेवढी संपली. आम्ही शिळे खात नाही. बाकी टाकावी लागली."

यावर शेठजवळ उत्तर नव्हते. दुकानात धान्याचा एक दाणा सांडला तरी तो वेचून पारव्यांना टाकणारा तो माणूस खाली पाहत राहिला. "या, आत या," बा म्हणाल्या आणि उकळून गार केलेले पाणी आणायला गेल्या. सायंकाळी त्या बाकावर आल्या. पावभाजीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि शेठनीही पुढच्या सहभोजनात पळी हाती घेतली नाही.

ऑक्टोबरच्या आरंभी दोघे परतले. पुढच्याच आठवड्यात महाळुंगे पडवळमध्ये, चार घरे पलीकडच्या जुन्या मित्राचा फोन सकाळी वाजला.

"मी शेठ बोलतोय. दहाला यावे म्हणतो. चालेल ना?"

मित्र घाबरला. पायात चपला न घालताच तो तसाच रस्ता ओलांडून शेठच्या ओट्यावर आला आणि बाहेरूनच ओरडला, "काय झालं? तब्येत बरी आहे ना?"