जाळ्यातल्या पाऊलखुणा (भाग ९) : दुसऱ्या नावाची शिस्त

ग्रंथालयात बसून एखाद्या टोळीवरचं पुस्तक वाचलं, तर त्या टोळीला त्याचा पत्ता लागत नाही. इंटरनेटवर मात्र नुसतं वाचणाऱ्याचीही नोंद होते. लिंक्डइनवर कुणाचं प्रोफाइल उघडलं, की आपण ते पाहिल्याचं त्या माणसाला कळू शकतं. इन्स्टाग्रामवर स्टोरी पाहिली, की पाहणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव जातं. एखाद्या संकेतस्थळावर दोन मिनिटं थांबलं तरी ते चालवणाऱ्याच्या हाती आपला आयपी पत्ता आणि ब्राउझरची बरीचशी माहिती पडते. मुलींची विक्री करणाऱ्या दलालांचा किंवा सशस्त्र गटांचा अभ्यास करणाऱ्याला ही नोंद जिवावर बेतू शकते. म्हणून असं काम करणारे पत्रकार आणि संशोधक कामापुरती दुसरी ओळख घेतात. आयपी पत्ता म्हणजे काय, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ही दुसरी ओळख कशी टिकते, कशामुळे फुटते आणि ती घेऊन कुठवर जावं, याविषयी.

नाव झाकलं की माणूस झाकला जातो, हा समज पहिल्यांदा सोडावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी आपल्या साधारण साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत केलेले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. ग्राहकांची नावं काढून प्रत्येकाला एकेक क्रमांक दिलेला होता. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार त्यांतल्या एका क्रमांकामागच्या वृद्ध बाईंच्या जॉर्जियातल्या घरी पोचले. बाईंनी आपल्या गावातले माळी शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती, कुत्र्याच्या खोडीवर उपाय शोधला होता. एकेकटा शोध निरुपद्रवी होता, पण सगळे एका क्रमांकाखाली आल्यावर नावाची गरजच उरली नाही.

दुसरी ओळख घेणाऱ्याचा खरा शत्रू हाच आहे : दोन आयुष्यांमधला एखादा सामाईक धागा. याचं सर्वांत बोलकं उदाहरण गुन्हेगारी जगातलं आहे, पण संशोधकांनी ते पाठ करावं असं मला वाटतं.

‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार २०११ च्या सुरुवातीला उघडला. तो टॉर या जाळ्यावर चालायचा. टॉरची मूळ कल्पना नव्वदच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. त्यात आपला संदेश एकावर एक कूटलेखनाचे थर चढवून साधारणपणे तीन वेगवेगळ्या संगणकांमधून पुढे जातो, आणि त्यांतल्या कुठल्याही एका संगणकाला सुरुवात आणि शेवट ही दोन्ही टोकं ठाऊक नसतात. बाजाराचा चालक एका टोपणनावामागे होता. तंत्रज्ञान भक्कम होतं आणि तपास यंत्रणा बराच काळ चाचपडत होत्या.

अमेरिकी कर खात्याच्या गॅरी ॲल्फर्ड या अधिकाऱ्याने २०१३ मध्ये एक अगदी साधी गोष्ट केली. या बाजाराचा इंटरनेटवर पहिला उल्लेख कुणी केला, हे त्याने गूगलवर तारखेची मर्यादा घालून शोधलं. जानेवारी २०११ मध्ये ‘ऑल्टॉइड’ नावाच्या कुणीतरी, आपल्याला सहज सापडल्याचा आव आणून, या नव्या बाजाराची माहिती दिली होती. बाजार उघडतो आहे हे इतक्या लवकर कुणाला माहीत असणार? ॲल्फर्ड ऑल्टॉइडची इतर लिखाणं वाचत गेला. त्यांत एका ठिकाणी त्याने कामासाठी जाणकार माणूस हवा म्हणून संपर्काचा ईमेल दिलेला होता, आणि त्या ईमेलमध्ये रॉस उल्ब्रिक्ट हे त्याचं खरं नाव होतं. पुढे आणखी एक दुवा जुळला. त्याने प्रोग्रॅमरांच्या एका प्रसिद्ध प्रश्नोत्तर संकेतस्थळावर टॉरबद्दलचा प्रश्न स्वतःच्या नावाने विचारला होता आणि लगेच ते नाव बदलून ‘फ्रॉस्टी’ केलं होतं. सिल्क रोडच्या सर्व्हरवरही ‘फ्रॉस्टी’ हे नाव आढळलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक वाचनालयात, उघड्या लॅपटॉपसमोर, त्याला पकडलं. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

त्याने चालवलेल्या बाजाराबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. पण तो कुठे सापडला ते पाहा. टॉरचं कूटलेखन कुणाला फोडावं लागलं नाही. ज्या दिवसांत आपल्याकडे कुणी पाहत नाही असं त्याला वाटत होतं, त्या दिवसांतल्या निष्काळजीपणाने त्याला धरलं. संशोधकाच्या बाबतीतही हेच होतं. विषय गंभीर होण्याआधी, सहज म्हणून, आपल्या नेहमीच्या खात्यावरून केलेला पहिला शोध मागे राहतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणारा ईमेल आला. पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षा टाळायची होती. त्याने टॉर वापरलं होतं आणि तात्पुरता ईमेलही घेतला होता. पण हे सगळं त्याने विद्यापीठाच्याच वायफायवरून केलं, आणि त्या वेळेला त्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं याची नोंद विद्यापीठाकडे होती. तो काय करतो आहे हे कुणाला दिसलं नव्हतं, पण तो काहीतरी झाकतो आहे हे दिसत होतं, कारण लपायला गर्दीच नव्हती. एखाद्या लहान गावातून किंवा छोट्या संस्थेच्या जाळ्यावरून संवेदनशील विषयावर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं.

आणि भाषा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाची कागदपत्रं फोडणाऱ्या ‘गुसिफर २.०’ने आपण रुमानियाचे असल्याचं सांगितलं होतं. एका पत्रकाराने त्याच्याशी रुमानियन भाषेत बोलायला सुरुवात केली आणि सोंग डळमळलं. पुढे अमेरिकी आरोपपत्रात त्यामागे रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचे अधिकारी असल्याचं नमूद झालं. जी भाषा, जे गाव, जो व्यवसाय आपल्याला आतून माहीत नाही, तो दुसऱ्या ओळखीला देऊ नये. नागपूरचा म्हणून वावरायचं आणि कोल्हापुरी वळणाची मराठी लिहायची, हे पहिल्या चार वाक्यांत उघडं पडतं.

म्हणून कामाची शिस्त वेगळेपणाची असते. मासळीचा तवा वेगळा ठेवणाऱ्या घरात तो कधी ‘आज एकदाच’ म्हणून पोळीसाठी घेत नाहीत, इथेही तेच. शक्यतो वेगळा संगणक, नाहीतर निदान वेगळा ब्राउझर. नवा ईमेल, आणि त्याला ‘पासवर्ड विसरलात तर’ म्हणून आपला जुना ईमेल जोडायचा नाही. सर्वांत मोठा सापळा फोनचा असतो. समाजमाध्यमांची ॲप फोनमधले संपर्क मागतात, आणि आपण ते दिले नाहीत तरी आपला क्रमांक ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनी दिलेले असतात. फेसबुकच्या ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ या सूचनांमुळे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची खरी खाती त्यांच्या गिऱ्हाइकांपुढे येत होती आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या रुग्णांना एकमेकांची नावं दिसत होती, हे काश्मीर हिल या पत्रकार बाईंनी त्यांच्या लेखांतून दाखवून दिलं. यंत्राला दोन माणसं जोडायची असतात. त्यांतली एक व्यक्ती जीव मुठीत धरून आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

व्हीपीएनबद्दल आपल्याकडे फार भाबडा विश्वास आहे. व्हीपीएन आपला आयपी पत्ता समोरच्या संकेतस्थळापासून झाकतो, पण व्हीपीएन चालवणारी कंपनी तो पाहू शकते. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच काढून घेतले. सिमकार्डाचं तर बोलायलाच नको. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिम घेणं हा गुन्हा आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी ओळख काल्पनिक असावी, कुणा जिवंत माणसाची नसावी. फोटोलाही हाच नियम. कुणा अनोळखी मुलीचा फोटो उचलून लावला, तर उद्या राग तिच्यावर निघेल. चेहरा न लावणं, झाड किंवा डोंगर लावणं, हे पुष्कळदा पुरतं.

इथवर स्वतःला जपण्याचा भाग झाला. अधिक अवघड प्रश्न पुढे आहे.

२०१४ मध्ये एका फ्रेंच पत्रकार बाईंनी ‘मेलोडी’ नावाची वीस वर्षांची, नुकताच इस्लाम स्वीकारलेली मुलगी फेसबुकवर उभी केली होती. युरोपातल्या मुली सीरियाकडे कशा ओढल्या जातात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मेलोडीने एका फ्रेंच जिहादीचा व्हिडिओ पुढे पाठवला आणि थोड्याच वेळात त्याचाच संदेश आला. मग स्काइपवर बोलणं सुरू झालं. बाई हिजाब घालून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, खोलीत त्यांचा छायाचित्रकार सहकारी असायचा, आणि पलीकडचा माणूस लग्नाच्या गोष्टी करत सीरियाला ये म्हणून मागे लागायचा. भरतीची पद्धत इतक्या जवळून क्वचितच कुणी पाहिली असेल. त्यांचा लेख आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. त्यानंतर धमक्या आल्या, राहतं घर आणि फोन बदलावे लागले, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पुस्तकावरचं ॲना एरेल हे नावही खरं नाही.

याच्या शेजारी मेम्फिस ठेवून पाहा. अमेरिकेतल्या या शहराच्या पोलिसांनी ‘बॉब स्मिथ’ नावाचं फेसबुक खातं काढून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आंदोलन करणाऱ्या कार्यकर्त्यांशी मैत्री केली आणि त्यांच्यावर नजर ठेवली. राजकीय पाळत ठेवणार नाही, अशी त्या शहराने १९७८ पासून न्यायालयात हमी दिलेली होती. शहराने ती हमी मोडल्याचा निकाल ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने दिला. साधन दोन्हीकडे एकच होतं. एरेल निःशस्त्र होत्या आणि समोरचा मुलींना युद्धात ओढत होता. मेम्फिसमध्ये खोटं नाव सत्तेच्या हातात होतं आणि समोरचे नागरिक कायद्याने दिलेला हक्क बजावत होते. मी एरेलच्या बाजूने आहे, आणि तरीही त्यांच्यासारखं करा असं कुठल्याही तरुण पत्रकाराला सांगणार नाही.

संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कली इथलं मानवाधिकार केंद्र यांनी डिसेंबर २०२० मध्ये इंटरनेटवरच्या खुल्या माहितीच्या तपासासाठी ‘बर्कली प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. त्याची गरज खरी होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये लिबियातल्या महमूद अल-वर्फल्ली या सेनानीविरुद्ध काढलेलं वॉरंट बऱ्याच अंशी हत्यांच्या व्हिडिओंवर आधारलेलं होतं. असे व्हिडिओ कुणीतरी शोधून, स्वतः न दिसता, पाहावे लागतात. जे कुणालाही दिसू शकतं ते स्वतःला झाकून पाहणं आणि खोटं बोलून बंद दार उघडून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात. पहिली सुरक्षितता आहे. दुसरीत समोरच्याचा विश्वास आपण वापरतो, आणि कधीकधी पुरावाही त्यामुळे न्यायालयात कमजोर होतो. माझ्या मते दुसरी पायरी कुणी एकट्याने, रात्री घरी बसून, ठरवू नये. संपादकाला किंवा मार्गदर्शकाला आधी सांगावं, कोणत्या खात्यावरून कोणत्या दिवशी काय पाहिलं याची रोजची नोंद ठेवावी, काम संपलं की ते खातं बंद करावं.

या नोंदीत एक अडचण मात्र राहते. आज पाहिलेला व्हिडिओ उद्या काढून टाकला गेला, तर आपण तो जसाच्या तसा पाहिला होता हे सिद्ध कसं करायचं? पुढच्या आठवड्यात डिजिटल पुराव्याच्या ‘हॅश’बद्दल.