डिझेलची जागा वीज घेईल का?



आमची हिरकणीवाडी रायगडाच्या पायथ्याशी आहे. वाडीतून गडावर रोपवे जातो. तो १९९६ साली सुरू झाला. गडाच्या पायऱ्या हजाराहून जास्त आहेत, त्या चढताना मोठी माणसेसुद्धा चार वेळा बसतात. रोपवेची ट्रॉली मात्र काही मिनिटांत वर पोचते. ती विजेच्या मोटारीवर चालते आणि धूर सोडत नाही. मग एस.टी., ट्रक, टेम्पो हे सगळे विजेवर का चालत नाहीत? हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. त्यांनी सांगितले ते आणि मला समजले ते येथे लिहीत आहे.

प्रथम डिझेलविषयी. डिझेल जमिनीखालच्या तेलापासून करतात. आपल्या देशाला लागणाऱ्या तेलापैकी शंभरातले ऐंशीहून जास्त भाग परदेशातून विकत घ्यावे लागते. शिवाय ते सगळे कामाला येत नाही. घाट चढून आलेल्या गाडीच्या बॉनेटजवळ हात न्या, लगेच धग लागते. ती धग म्हणजे वाया गेलेले डिझेलच! डिझेलचे तीन वाटे केले तर जेमतेम एक वाटा चाक फिरवतो. बाकीचे दोन वाटे उष्णता होऊन हवेत जातात. विजेच्या मोटारीत तसे नसते. तिला दहा वाटे वीज दिली तर सुमारे नऊ वाटे चाकाला मिळतात.

मग अडचण कुठे आहे? अडचण वीज बरोबर नेण्याची आहे.

रोपवेची वाट ठरलेली आहे. मोटार एका जागी बसते आणि दोर ओढते. एक ट्रॉली वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंनी दोन बादल्या बांधाव्यात तसेच हे. खाली येणारीचे वजन वर जाणारीला मदत करते.

आगगाडीचेही तसेच आहे. तिची वाट रुळांची, म्हणून वरून तार नेता येते. आपल्या महाड तालुक्यात वीर स्टेशन आहे. तिथून जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हा ती डिझेलवर होती. मार्च २०२२ पर्यंत तिच्या सगळ्या ७४१ किलोमीटर मार्गावर विजेच्या तारा आल्या. इतके डोंगर आणि बोगदे असूनही हे झाले. आणखी एक गंमत आहे. या रेल्वेने १९९९ साली भरलेले ट्रकच आगगाडीवर चढवून नेणे सुरू केले. तेवढ्या वाटेत ट्रकचे इंजिन बंदच असते. आणि वीज घाट चढेल का, ही शंका तर फार जुनी आहे. बोरघाटात ३७ फूट पुढे गेले की १ फूट चढ आहे. तिथे १९३० सालापासून दख्खनची राणी विजेवरच चढते.

पण टेम्पोच्या डोक्यावर तार कशी बांधणार? मुंबईत १९६२ पासून १९७१ पर्यंत तारेवरची ट्रॉलीबस होती. तिला तारेचा रस्ता सोडून दुसऱ्या गल्लीत जाता येत नसे. म्हणून हवी तिथे जाणारी गाडी बॅटरी घेऊन हिंडते. बॅटरी जड असते. एक लिटर डिझेल एक किलोसुद्धा भरत नाही. तेवढेच काम करायला सुमारे वीस ते पंचवीस किलोची बॅटरी लागते. म्हणजे तांदळाचे एक लहान पोते!

माझ्या काकांना जुना तीनचाकी टेम्पो विकून नवा घ्यायचा आहे. कर्ज काढावे लागणार, म्हणून घरात रोज हाच विषय निघतो. काका म्हणतात, "अरे, बॅटरी घाटात संपली तर ढकलणार कोण?" मी हिशेब केला. महाड ते वाडी सुमारे २५ किलोमीटर. जाऊन-येऊन ५०. दोन खेपा केल्या तर १००. एवढे अंतर पुरवणारी बॅटरी घेतली पाहिजे. भरलेल्या गाडीला चढात वीज जास्त लागते, म्हणून थोडी मोठीच बरी. रात्री गाडी उभी असते तेव्हा बॅटरी भरता येईल. शिवाय उतारावर मोटार उलटी वीज तयार करते आणि ती थोडी बॅटरीत परत जाते. डिझेलची गाडी उतारावरून आली म्हणून टाकीत डिझेल वाढत नाही.

आपल्या एस.टी.चेही असेच आहे. १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. तिची वाट आणि वेळ ठरलेली असते, म्हणून कुठे थांबून बॅटरी भरायची हे आधीच ठरवता येते. आपल्या जिल्ह्यातल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे. तिथे माणसे माणसांना हातरिक्षातून ओढत असत. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा चालवून पाहायला सुरुवात झाली. विजेने नुसते डिझेल वाचते असे नाही, माणसाची छातीही वाचते.

आता दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली, वीज येते कुठून? आपल्या जिल्ह्यात खोपोलीला १९१५ सालापासून धरणाच्या पाण्यावर वीज होते. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना आहे. पण देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून दगडी कोळसा जाळून होते. चंद्रपूरला तसे मोठे केंद्र आहे. म्हणजे आपली गाडी धूर सोडत नाही, पण तिच्या वाटणीचा थोडा धूर चंद्रपूरची मुले घेतात. पाण्याची, वाऱ्याची आणि उन्हाची वीज वाढेल तेव्हा खरा फायदा.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला आणि तळिये येथे दरड कोसळली. अशा दिवसांत आजारी माणसाला नेणारी गाडी बॅटरी भरण्यासाठी थांबून कसे चालेल? पेट्रोल पंपालाही वीज लागतेच, पण डिझेल आधी भरून ठेवता येते.

म्हणून माझे मत असे आहे. ज्याची वाट ठरलेली आहे ते सर्व विजेवर चालेल. रोपवे, आगगाडी, रोजची एस.टी. आणि माझ्या काकांचा टेम्पोसुद्धा! रुग्णवाहिका आणि दरड उचलणारी यंत्रे यांना मात्र आपल्या डोंगरात अजून काही वर्षे डिझेल ठेवावे. खांब मजबूत होतील आणि दवाखान्यावर उन्हाची वीज साठवता येईल, तेव्हा त्यांचीही पाळी येईल.

पालकांनो, तुमची गाडी रोज किती किलोमीटर चालते आणि रात्री किती तास उभी असते, ते कागदावर लिहून चौथीच्या वर्गात द्या. आम्ही त्याचा तक्ता करून याच फळ्यावर लावणार आहोत. मग कुणाची गाडी विजेवर चालेल ते सर्वांना दिसेल.

— इयत्ता चौथी, हिरकणीवाडी