थंड काऊंटरची गरम पाठ

दुकानातली यंत्रं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात वजनकाटा झाला. या वेळी त्याच्या शेजारचं यंत्र, दुकानात सगळ्यात जास्त वीज खाणारं आणि सगळ्यात कमी निगा मिळणारं: मिठाईचं काचेचं थंड काऊंटर. कोल्ड्रिंकचा उभा व्हिसी कूलर आणि आइस्क्रीमचा डीप फ्रीज ही त्याचीच भावंडं.

बीडच्या सुभाष रोडवर जा, परळीत वैद्यनाथाच्या दर्शनाला जाताना पेढ्याच्या दुकानांकडे बघा किंवा मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबा. यातलं एक तरी यंत्र समोर दिसतंच. पुढची काच दिवसातून दोनदा पुसलेली, लखलखीत. पाठीमागे गेलात तर रिकाम्या खोक्यांची थप्पी आणि तिच्याआड एक जाळी. यंत्र आलं त्या दिवसानंतर ती कुणी पाहिलेली नसते. काऊंटर बिघडतं, माल नासतो, शॉक बसतो, ते बहुतेक वेळा या मागच्या बाजूच्या दुर्लक्षातून, असं माझं मत आहे.

फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेरच्या हवेत टाकतो, एवढंच त्याचं काम. विहिरीवरच्या मोटारीसारखं समजा: पाणी जितकं खोल जाईल तितकी मोटार जास्त दमते. इथे खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातलं अंतर. दुधाच्या मिठाईसाठी आत ५ अंश हवेत. मे महिन्यात बीडला बाहेर ४२ अंश. शिवाय कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी ती मागची जाळी, हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापल्याशिवाय उष्णता हवेत जातच नाही. म्हणजे सगळं स्वच्छ, व्यवस्थित असतानाही आपल्या उन्हाळ्यात ती पंचावन्नच्या घरात असते. त्यावर धुळीचा थर चढला, की कॉम्प्रेसर न थांबता चालतो, बिल वाढतं आणि एका दुपारी तो ट्रिप होतो. दुकानदार म्हणतो, मशीन अचानक बंद पडलं. ते अचानक पडलेलं नसतं.

म्हणून काऊंटर घेताना लिटर आणि काचेचा बाक पाहण्याआधी पाठीवरची पाटी वाचावी. डिस्प्ले काऊंटरसाठी आयएसओ २३९५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हवामानाचे वर्ग ठरवले आहेत. वर्ग ३ म्हणजे बाहेर २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता. वर्ग ५ म्हणजे ४० अंश आणि ४० टक्के. वर्ग ३ हा वातानुकूलित सुपरमार्केटचा. पत्र्याखालच्या, शटर दिवसभर उघडं असलेल्या दुकानाला वर्ग ५ पेक्षा कमी चालणार नाही. घरगुती फ्रीजवरही अशी अक्षरं असतात. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंतचा, ‘एसटी’ ३८ पर्यंतचा, ‘टी’ ४३ पर्यंतचा. मोठ्या शहरातल्या एसी मॉलमधून निघालेलं सेकंडहँड काऊंटर स्वस्तात मिळालं, तर ते स्वस्त का मिळालं याचं उत्तर बऱ्याचदा त्या पाटीवर असतं.

आता जाळी. मिठाईच्या दुकानात एक चूक हमखास दिसते: जिलबीची कढई पुढे, गिऱ्हाइकाला दिसेल अशी, आणि काऊंटर तिच्या अगदी शेजारी. कढईतून उठणारी तेलाची वाफ कंडेन्सरचा पंखा आत ओढतो. तेलावर रस्त्याची धूळ बसते. दोन-तीन महिन्यांत पत्र्यांच्या मधल्या फटी राखाडी, चिकट थराने बुजून जातात. बोट फिरवलं तर पापुद्रा निघतो. तो नुसत्या फुंकरीने जात नाही. स्विच बंद करा, पिन काढा, खालच्या जाळीचे स्क्रू सोडवा. मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेनेच, वरून खाली, झाडत या. आडवा ब्रश मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा कायमची अडते. मग ब्लोअर. पाण्याचा पाइप अजिबात लावू नका, तिथेच वायरिंग आणि कॉम्प्रेसरचा रिले असतो. कढईजवळच्या काऊंटरला हे काम दर पंधरवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. भिंत आणि पाठ यांत वीतभर जागा सोडा, आणि त्या वीतभर जागेत खोकी कोंबू नका.

वीज हा आपल्याकडचा वेगळाच अध्याय. परळीला औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकापासून आहे. २०१५ साली पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. वीज तयार करणाऱ्या या जिल्ह्यात दुकानदार मात्र संध्याकाळी बल्बकडे बघून व्होल्टेजचा अंदाज घेतो. गावातल्या डीपीवर पंपांचा लोड आला, की २३० चे व्होल्ट बरेच खाली उतरतात. व्होल्टेज कमी झालं म्हणून कॉम्प्रेसर कमी वीज घेत नाही; तेच काम ओढण्यासाठी तो जास्त करंट घेतो, तापतो आणि वाइंडिंग जळतं. लाइट जाऊन लगेच येणं तर याहून घातक. चालू कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब खूप असतो, दुसऱ्या बाजूला कमी. बंद झाल्यावर दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर मोटार दाबाच्या विरुद्ध सुरू व्हायला बघते, फिरत नाही, नुसती गुरगुरते. म्हणून स्टॅबिलायझर घ्यायचा तो टाइम डिले असलेला. तो नसेल तर लाइट गेल्यावर हाताने स्विच बंद करण्याची सवय लावा आणि आल्यावर तीन-चार मिनिटांनी चालू करा.

‘हलका करंट येतो, पण काही होत नाही,’ हे वाक्य काऊंटरच्या स्टीलच्या कडेबद्दल किती दुकानांत ऐकू येतं! सकाळी फरशी पुसलेली, पोऱ्या अनवाणी, हात ओले. जे आज झिणझिण्यांवर निभावलं, ते उद्या निभावेलच असं नाही. तीन पिनांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. तिसरी वायर पुढे जमिनीपर्यंत पोचलेली असावी लागते. आपल्याकडे आणखी एक अडचण. मुरमाड, खडकाळ जमीन एप्रिलपर्यंत कोरडी ठक्क होते, आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होतं. नेमका तेव्हाच फ्रीजवर सगळ्यात जास्त भार असतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. साध्या एमसीबीने वायर वाचते. माणूस वाचतो तो आरसीसीबीने.

यानंतर मेकॅनिकचं लाडकं वाक्य: ‘मालक, गॅस संपलाय.’ फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच तो फिरतो. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे; ते न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या हंगामात परत भरणं. पण याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती नळीत कोणता गॅस आहे ही, आणि ती अनेक दुकानदारांना माहीत नसते.

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर बंद होत गेला. भारतात २०१० पासून असे गॅस थांबले. मग आर-१३४ए आणि आर-४०४ए आले. ते ओझोनला सांभाळतात, पण हवा तापवतात: एक किलो आर-४०४ए हवेत सुटला तर तो जवळजवळ ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. यावर २०१६ साली रवांडातल्या किगालीत करार झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. म्हणून नव्या व्हिसी कूलर आणि डीप फ्रीजमध्ये आता आर-२९० दिसू लागलाय. हा म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवा तापवण्यात त्याचा आकडा तीनच्या आसपास, वीजही कमी लागते. फक्त तो पेट घेतो. कॉम्प्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र असेल तर तुमचं यंत्र या जातीचं.

घाबरून जाण्याचं कारण नाही, पण हिशेब समजून घ्या. दुकानातल्या यंत्राच्या एका सर्किटमध्ये पूर्वी १५० ग्रॅमचीच मर्यादा होती. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने ती ५०० ग्रॅमच्या आसपास नेली. हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३८ ग्रॅम प्रोपेन जमला की ठिणगीने भडका उडू शकतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच दुकानात २८ घनमीटर हवा मावते. १५० ग्रॅम गॅस सगळीकडे सारखा पसरला तर घनमीटरला सहा ग्रॅमही भरत नाही. अडचण अशी, की प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. पसरण्याआधी तो खाली, काऊंटरच्या पोटाशी साचतो. आणि गळती यंत्राच्या आत झाली तर बंद डब्यातच कोंडून राहतो. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, तसं यात नसतं. नाकाला पत्ता लागत नाही.

तेव्हा ज्योतीचं चित्र असलेल्या यंत्रावर गॅसचा बत्ता घेऊन थेट झाळायला बसणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. आधी गॅस मोकळ्या जागेत काढून, नळी नायट्रोजनने साफ करून मगच जोडकाम होतं, आणि नवा गॅस ग्रॅमवर मोजून भरतात, अंदाजाने नाही. रिले किंवा पंखा बदलताना ठिणगी बाहेर न पडणारा, त्याच यंत्रासाठीचा भाग हवा. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. रात्री कुलूप लावण्यासाठी डीप फ्रीजला ड्रिल मारून कडी बसवण्याची पद्धत आहे, तीही सोडा. बऱ्याच डीप फ्रीजची नळी दिसत नाही, ती भिंतीच्या पत्र्यामागे गुंडाळलेली असते. बर्फ खरवडायला सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरायचा नाही, त्याचंही कारण हेच.

मालाबद्दल थोडक्यात. डिस्प्ले काऊंटर थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, गरम माल गार करण्यासाठी नाही. भट्टीवरून उतरलेल्या बासुंदीचं पातेलं आत ठेवलं तर शेजारचे पेढेही तापतात. मालाची रास आतल्या हवेच्या झरोक्यांच्या वर जाऊ देऊ नका. बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका, तो सेन्सरजवळच्या हवेचा असतो; वरच्या कप्प्यात, दिव्याखाली, पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून ठेवा, तो मालाचं खरं तापमान सांगेल. खव्यात हाताळणीतून शिरणारे स्टॅफिलोकॉकससारखे जंतू उबेत वाढले की विष सोडतात, आणि ते विष मागाहून फ्रीजमध्ये ठेवून किंवा परत उकळूनही जात नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं बंधनकारक आहे. पण काऊंटर रात्री बंद ठेवणाऱ्या दुकानात त्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

एक अपवाद आपल्या जिल्ह्याचा. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला, ‘बीड सीताफळ’ म्हणून, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते अख्खं फळ मिठाईच्या काऊंटरमध्ये ठेवू नका. साधारण १२ अंशांच्या खाली त्याची साल काळी पडते आणि गिऱ्हाईक सडकं समजून परत ठेवतं. गर मात्र काढून उणे १८ ला गोठवला तर महिनोन्‌महिने टिकतो.

खेड्यातल्या दुकानांचं गणित उलटं चालतं. दिवाळीनंतर ऊसतोड मजूर कारखान्यांकडे जातात, गाव निम्मं रिकामं होतं, आणि डीप फ्रीज बंद करून झाकण घट्ट लावून ठेवला जातो. आतली ओल तशीच राहते, बुरशी धरते, वायर उंदीर कुरतडतात. बंद करण्याआधी बर्फ पूर्ण वितळू द्या, पुसून कोरडा करा. मागच्या ट्रेमधलं पाणी काढा, डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. झाकण फटीपुरतं उघडं ठेवा, पण मुलांचा हात पोचणार नाही अशा बंद खोलीत. मजूर परतले, लग्नसराई लागली की फ्रीज आधी रात्रभर रिकामा चालवून मगच भरा.

आणि एक विनंती. घरामागे, गोडाऊनशेजारी मोडीत निघालेला डीप फ्रीज पडून असतो. लपाछपीत पोरं त्यात शिरतात. झाकणाला बाहेरून कडी असेल किंवा ते आपोआप अडकलं तर आतून उघडत नाही, आणि आतली हवा फार वेळ पुरत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर १९५६ साली फ्रीजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. भंगारवाला येईल तेव्हा येवो, झाकणाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आजच सोडवा आणि झाकण वेगळं काढून ठेवा.