डोंगर बुटका झाला, की घड्याळ मंदावलं?

मुलांनो, तळहात आडवा धरा बरं. एक सेकंद थांबा. गेला! तुमच्या हातातून आत्ता एक म्युऑन आरपार गेला. दर सेकंदाला साधारण एक जातोच.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा 207 पट जड भाऊ. अंतराळातले वेगवान कण आपल्या हवेवर आदळले, की 10-15 किलोमीटर उंचीवर हे म्युऑन तयार होतात. त्यांचं आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-सव्वादोन पट! तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. मग म्युऑन खाली पोचतो कसा? प्रकाशाला मागे टाकून? छे, ते कुणालाच जमत नाही.

उत्तर शोधायला आधी प्रकाशाची एक गंमत पाहू. धावत्या लोकलमध्ये चेंडू पुढे फेकलात, तर फलाटावरच्या माणसाला त्यात गाडीचा वेगही मिळालेला दिसतो. टॉर्चच्या प्रकाशाचं मात्र तसं होत नाही. गाडीतून मोजा, फलाटावरून मोजा, वेग तोच: सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. 1905 मध्ये आइनस्टाइन म्हणाले, प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच असेल, तर वेळ आणि अंतर सगळ्यांना सारखं असणार नाही.

याची परीक्षा अमेरिकेत फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी घेतली. माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर, सुमारे 1900 मीटर उंचीवर, त्यांनी एक खास प्लॅस्टिक ठेवलं. म्युऑन त्यात अडकला की एक बारीकशी चमक, आणि तो फुटला की दुसरी! दोन चमकांमधला वेळ म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य. डोंगरावर तासाला साधारण 560 म्युऑन सापडले. वेळ सगळ्यांना सारखाच असता, तर खाली समुद्रसपाटीला येईपर्यंत जेमतेम 27 उरायला हवे होते. उरले 400 हून जास्त!

आपण जमिनीवरून पाहिलं, तर म्युऑनचं घड्याळ जवळजवळ नऊ पट मंदावलेलं असतं. पण म्युऑनवर स्वार होऊन पाहिलं, तर? त्याचं घड्याळ नेहमीसारखंच चालतं. उलट डोंगरच आखडून सुमारे 200 मीटरचा झालेला असतो. तुम्ही विचाराल, यातलं खरं काय? दोन्ही! पाहणाऱ्याची जागा आणि वेग म्हणजे त्याची संदर्भचौकट, आणि कुठलीही चौकट दुसरीपेक्षा जास्त खरी नसते. मला तर हेच सगळ्यात भन्नाट वाटतं.

आणि हो, अशा कणांच्या आयुष्यावरून आइनस्टाइनची ही कल्पना, म्हणजेच सापेक्षता, थेट पडताळता येईल, हे 1938 मध्येच एकाने लिहिलं होतं. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी. तेव्हा ते 28 वर्षांचे होते.