मामांच्या जागी कोण?

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपले आणि आमच्या पेढीवरच्या चालकमामांनी गाडीच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "आता रात्रीचं दिसत नाही भाऊ. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटतो," एवढेच ते म्हणाले. सत्तावीस वर्षे त्यांनी आमची गाडी हाकली. इचलकरंजीचे कापड घेणारे आमचे व्यापारी जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा अशा चारी दिशांना विखुरलेले. वसुलीच्या फेरीत मी मागच्या आसनावर खतावणी मांडीवर घेऊन बसे आणि मामा गाडी चालवत. कोणाकडे किती येणे आहे ते मला तोंडपाठ; त्याच्या गावाचा फाटा कुठे फुटतो ते मामांना तोंडपाठ. मामा गेले म्हणजे पेढीची अर्धी वहीच गेली, हे त्या दिवशी ध्यानात आले.

नवा चालक पाहण्यापेक्षा आपणच गाडी चालवावी, असे ठरविले. गाडी मला येते. रस्ते येत नाहीत. वय अठ्ठावन्न. फोनचा उपयोग बोलणे, पैसे देणे-घेणे आणि नातेवाइकांचे सुविचार वाचणे, इतकाच. तेव्हा रस्ता दाखविणारे एखादे यंत्र घ्यावे, या विचाराने मी बाजारात गेलो. आपल्या अनेक घरांत माझ्यासारखे गृहस्थ आहेत, की जे कापडाचा पोत बोटाने ओळखतात आणि यंत्राच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाहून गिऱ्हाईक होतात. त्यांच्यासाठी ही हकिकत.

दुकानातल्या तरुणाने पहिल्याच वाक्यात इंच सांगितले, दुसऱ्यात जीबी आणि तिसऱ्यात हप्ता. मी त्याला विचारले, "आटपाडीचा रस्ता दाखवता का?" तो हसला आणि पडदा किती चकचकीत आहे तेच पुन्हा दाखवू लागला. मी चहा घेऊन परत आलो. व्यापाऱ्याच्या मुलाला एवढे कळते, की विकणारा प्रश्नाला बगल देतो तेव्हा मालात काही तरी कमी असते, किंवा विकणाऱ्याला मालच माहीत नसतो.

घरी मुलाने मग शांतपणे समजावून सांगितले. वाट दाखविण्याची साधने सामान्यतः तीन प्रकारची. पहिले, काचेला किंवा डॅशबोर्डला चिकटविण्याचे स्वतंत्र यंत्र. त्याच्या पोटातच नकाशा असतो आणि त्याला दुसरे काही काम नसते. दुसरे, गाडीतच बसविलेला पडदा. यात पुन्हा दोन जाती: काहींत नकाशा आतच भरलेला असतो, तर काही पडदे केवळ आरशासारखे, आपल्या फोनमधला नकाशा अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले यांच्या आधारे मोठा करून दाखविणारे. तिसरा प्रकार म्हणजे आपला फोनच, चांगल्या पकडीत घट्ट बसविलेला.

माझे मन स्वतंत्र यंत्राकडे ओढत होते, हे कबूल करतो. ते मध्येच वाजत नाही, त्यावर कोणाचा निरोप येत नाही, नेटवर्क नसलेल्या घाटातही त्याचे चालते. एक माणूस, एक काम, ही पेढीची जुनी रीत. पण मामेभावाकडे असेच एक यंत्र होते आणि त्याने माझे मत बदलले. भाऊ छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला समृद्धी महामार्गाने निघाला. या महामार्गाचा शिर्डी ते नागपूर हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. यंत्रातला नकाशा त्याआधीचा. गाडी गुळगुळीत रस्त्यावरून धावत होती आणि पडद्यावर ती कापसाच्या शेतातून चालली होती. यंत्र बिचारे दर मिनिटाला परत फिरण्याची विनवणी करीत होते. नकाशा ताजा करण्यासाठी ते संगणकाला जोडावे लागते; भावाने ते कधी जोडलेच नव्हते, आणि मीही जोडले नसते.

तेव्हा कळले, की आपण यंत्र विकत घेत नाही, नकाशा विकत घेतो. यंत्र दहा वर्षे टिकेल. नकाशा भाजीसारखा शिळा होतो. रस्ते नवे होतात, पूल होतात, गावांची नावेसुद्धा बदलतात. उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. म्हणून पडदा किती इंची, हे नंतर विचारावे. नकाशा कोणाचा, तो कसा ताजा होतो, आपोआप की आपल्या हाताने, आणि त्याचे पैसे किती वर्षांनी पुन्हा मोजावे लागतात, हे आधी विचारावे.

यंत्राला आपली जागा कळते कशी, याचेही मला कुतूहल होते. ही सगळी करामत घड्याळाची आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सतत आपली वेळ पुकारीत असतो. ती हाक आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. अशा चार उपग्रहांच्या हाका मिळाल्या की जागा ठरते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते! अमेरिकेने ही सेवा पूर्वी नागरिकांसाठी मुद्दाम धूसर ठेवली होती. मे २००० मध्ये तो पडदा दूर झाला आणि मोटारीला योग्य फाटा दाखविण्याइतकी अचूकता सर्वांना मिळाली. पुष्कळ फोन आता जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि काही फोन आपल्या इस्रोची नाविक यांच्याही हाका ऐकतात. ऐकण्यास पैसे पडत नाहीत, आणि इंटरनेटही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा आणण्यासाठी आणि पुढच्या गर्दीची वार्ता कळण्यासाठी. हा भेद मला कोणत्याही दुकानदाराने सांगितला नव्हता. तो कळल्यावर घरच्या वायफायवर सांगली, सोलापूर, कोल्हापूर या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवणे ही अगदी साधी गोष्ट झाली. बोगद्यात मात्र कोणतेही यंत्र काही काळ बहिरे होते. तिथे घाबरू नये.

अखेर निवड फोनचीच झाली. त्यासाठी साडेचारशे रुपयांची पकड घेतली. आधीची दीडशेची पकड पहिल्याच खड्ड्यात पायाशी पडली होती, तेव्हा यात काटकसर करू नये. पकड एसीच्या झरोक्याजवळ बसविली, कारण उन्हात काचेला लावलेला फोन तापून मान टाकतो. एअरबॅग उघडते त्या जागी ती लावू नये. कायद्याचेही सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार गाडी चालविताना हातातल्या उपकरणाचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी करता येतो, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता घालणे असेल तर गाडी उभी करून घालावा. मी आवाज मराठीत ठेवला आहे. "डावीकडे वळा" हे शब्द कानी आले की डोळे रस्त्यावरच राहतात.

नकाशे दोन ठेवले: एक गूगलचा आणि एक मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचा मॅपल्स. दोघांची परीक्षा मी नवा मुनीम ठेवताना घेतो तशीच घेतली. नव्या मुनिमाला पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. जी बेरीज आपल्याला आधीच ठाऊक आहे तीच त्याला करायला सांगतात. मीही महिनाभर फोनला फक्त ओळखीचे रस्ते विचारले. इचलकरंजी ते जयसिंगपूर, सांगलीची बाजारपेठ, बहिणीचे घर. कुठे तो अरुंद गल्लीत घालतो, कुठे एकेरी रस्ता त्याला माहीत नाही, हे तेव्हाच उमगले. नुसते 'वडगाव' म्हटले तर पेठवडगाव, वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक असे कितीतरी वडगाव पुढे येतात. तालुका सांगितल्यावाचून निघू नये.

एवढी तयारी करूनही डिसेंबरात फजिती झाली, ती सांगितलीच पाहिजे. सांगोल्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याने नवे दुकान थाटले होते. तिथली वसुली करून मंगळवेढ्यास मावशीकडे मुक्काम, असा बेत. आई सोबत होती. तिचे सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, गेली चाळीस वर्षे. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठविले, मी ते दाबले आणि फोन सांगेल तसा निघालो. सांगोला मागे पडले तरी फोन पुढेच नेत होता. मला वाटले, दुकान गावाबाहेर असेल. पंढरपूरची पाटी दिसली तेव्हा फोन लावला. व्यापारी त्या वेळी पंढरपुरात एका लग्नाला आला होता आणि त्याने पाठविले ते होते आपले 'सध्याचे ठिकाण', म्हणजे तो ज्या मांडवात बसला होता तो मांडव!

चूक यंत्राची नव्हती. त्याला जे विचारले ते त्याने बिनचूक सांगितले. सत्तावीस वर्षांत मामांनी एकदा तरी "अहो, त्यांचं दुकान तर तिकडं राहिलं" असे म्हटले असते; फोनला तसे म्हणता येत नाही.

तिथून मंगळवेढ्याकडे वळलो. पडद्यावर पोहोचण्याची वेळ दिसत होती पाच वाजून वीस मिनिटे. ऊस गाळपाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. पाच वीसचे पाच पस्तीस झाले, मग पावणेसहा. ही वेळ यंत्र काढते ती मुख्यत्वे त्या रस्त्यावरच्या इतर फोनांच्या वेगावरून. शहरात हजारो फोन असतात, म्हणून अंदाज बरा ठरतो. आडवाटेला मोजके फोन, तिथे तो अंदाजच असतो. आई काही बोलत नव्हती. तिने एकदा पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाली, "गाडी बाजूला घे." बाभळीखाली गाडी थांबविली. डब्यातल्या दोन दशम्या तिने खाल्ल्या, पाणी घेतले, हात जोडले. दिवस मावळायला थोडकी मिनिटे उरली होती. मावशीचा वाढलेला पाट तसाच राहिला. आता मी पडद्यावरच्या वेळेत आडरस्त्याला एक तास आणि गाळपाच्या हंगामात दीड तास मिळवतो, आणि पाहुण्याला ठिकाण मागताना विचारतो, "तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?"

ही फजिती दशम्यांवर भागली. सगळ्यांची भागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी कळसूबाईकडे निघालेली एक मोटार नकाशाच्या सांगण्यावरून थेट पाण्यात गेली. पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे वाचले, गाडी चालविणारा बुडाला. गावातल्या माणसांना हे पाणी नित्याचे. नकाशाला तो वर्षभराचा रस्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले, तेव्हाही हेच. म्हणून आमच्या घरात एक नियम झाला आहे: अंधार पडल्यावर अनोळखी आडवाट नाही, लांबचा असला तरी हमरस्ताच. आणि पावसाळ्यात ओढा दिसला की यंत्राला नव्हे, टपरीवाल्याला विचारायचे.

कोतूळची ती घटना वाचली तेव्हा मला मामा आठवले. माणनदीचा कोणता फरशी पूल कधी बुडतो, हे त्यांनी कुठे लिहून ठेवले होते? कुठेच नाही. मागच्या रविवारी मुलाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामा ओसरीवर डोळे मिटून बसले आणि एकेक गाव सांगू लागले. "जतच्या अलीकडं वडाचं झाड, तिथून डावीकडं. पाऊस असला तर जायचं नाही." मुलगा फोनच्या नकाशावर त्या त्या जागी खूण करी, तिला नाव देई आणि मामांचे शब्द जसेच्या तसे खाली लिही. दोन तासांत एकेचाळीस खुणा झाल्या. त्यांतल्या सहा ठिकाणी 'जायचं नाही' लिहिले आहे.

निघताना मुलाने मामांना आवाज ऐकविला. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," फोन म्हणाला. मामांनी कान देऊन ऐकले, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बाईचं बोलणं चांगलं आहे. पण तिथं उजवीकडं गतिरोधक आहे, त्याला रंग नाही. तेवढं लिहून घे."

मुलाने बेचाळिसावी खूण केली.