'आलोच' इंग्रजीत लिहू नका!

घरातून निघायच्या आधीच आपण फोनवर 'आलोच' म्हणतो. क्रियापद भूतकाळी, काम भविष्यातलं. मराठी माणसाला ते बरोबर कळतं. पण हीच सवय इंग्रजी मेसेजमध्ये उतरली की घोळ होतो. 'माल पाठवलाच समजा' या अर्थानं तुम्ही 'ऑर्डर सेंट' लिहिता आणि बेंगळुरूचा ग्राहक लगेच ट्रॅकिंग नंबर मागतो. माल अजून तुमच्याच टेबलावर!

दुसरा घोळ 'पाठवतो'चा. मराठीत हे रोजचंही असतं आणि उद्याचंही. इंग्रजीत 'वी सेंड' म्हणजे आमची नेहमीची पद्धत. 'वी आर सेंडिंग' म्हणजे काम चालू आहे किंवा ठरलंय. 'वी विल सेंड' म्हणजे पाठवू, शब्द दिला. 'वी हॅव सेंट' म्हणजे माल गेला. यात एक खाच आहे: गेल्याचा दिवस सांगायचा असेल तर 'हॅव' काढा, 'वी सेंट इट ऑन मंडे' लिहा.

शब्दांच्या जाती शाळेत आठ पाठ केल्या, धंद्यात आधी दोनच सांभाळा. 'डिलिव्हरी' नाम, 'डिलिव्हर' क्रियापद. 'वी विल डिलिव्हरी' सर्रास दिसतं; 'विल'नंतर क्रियापदाचं मूळ रूपच हवं. तसंच 'पेमेंट' आणि 'पे'.

आणि 'डिड नॉट रिसीव्ह्ड' नको. भूतकाळ 'डिड'मध्ये आलाच, म्हणून पुढे नुसतं 'रिसीव्ह'. उधारी मागताना तरी हे वाक्य नीट जाऊ द्या!